शोपँच्या एका प्रेल्यूडची लय

पियानोसाठी रचलेल्या छोट्या गतींत शोपँच्या ई मायनरमधील प्रेल्यूडइतकी परिचित गत क्वचितच असेल. तिचा विस्तार अवघ्या २५ आवर्तनांचा. होतकरू विद्यार्थीही ती थोडक्या दिवसांत बसवितो. तथापि ती कोणत्या लयीत वाजवावी हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि आमच्या मते पुष्कळ वादक तो चुकीचा सोडवितात.

२४ प्रेल्यूडांचा हा संग्रह १८३९ साली प्रसिद्ध झाला. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात शोपँ हा जॉर्ज सांद या लेखिकेसह मायोर्का बेटावर गेला, वाल्देमोसा येथील जुन्या मठात आजारी अवस्थेत राहिला आणि तेथूनच त्याने संग्रह पुरा करून धाडला. पाऊस, मठ आणि खोकला एवढी सामग्री हाताशी असल्यावर चरित्रकारांस आणखी काय हवे? मग ई मायनर ही स्वरपट्टीच मुळी विषादाची, असेही ठरून जाते. परंतु संग्रहाची मांडणी पाहावी. मेजर व मायनर मिळून २४ पट्ट्यांत प्रत्येकी एक प्रेल्यूड आहे. आधी सी मेजर, मग तिची जोडीदार ए मायनर, मग जी मेजर, आणि चौथ्या स्थानी ओघानेच ई मायनर. पट्टी ठरली ती क्रमाने. शिवाय त्याच सात स्वरांवर उभे असलेले तिसरे प्रेल्यूड झऱ्यासारखे खळाळते आहे!

मग हा भाव आला कोठून? ई हा षड्ज मानला, तर उजवा हात पंचम आणि कोमल धैवत एवढ्या दोनच स्वरांत कितीतरी वेळ झुलत राहतो. डावा हात स्वरसंघ एकसारखे वाजवीत असतो, आणि त्यांतील एखादा स्वर हळूच अर्ध्या पायरीने खाली उतरतो. मग दुसरा, मग तिसरा. वरचा माणूस जागच्या जागी उभा आणि पायाखालची जमीन सरकत चाललेली, असे काहीसे वाटते. सोळाव्या आवर्तनापासून लय क्षणभर आवळते, आवाज चढतो व लगेच ओसरतो. शेवटी एक विराम, आणि तीन मंद स्वरसंघ.

लयीविषयी शोपँने 'लार्गो' एवढाच शब्द लिहिला आहे. त्याच्या पूर्वीच्या कृतींवर मेट्रोनोमचे आकडे आढळतात, येथे नाहीत. लार्गो म्हणजे विस्तीर्ण. आपल्याकडील वाचकास सहजच विलंबित ख्याल आठवेल. पण गळा स्वर धरून ठेवू शकतो, पियानोची तार आघातानंतर विझतच जाते. लय फार संथ केली की पुढचा स्वर येण्यापूर्वी मागचा नाहीसा होतो, आणि डाव्या हाताचे ठोके तेवढे उरतात. शोपँने तालाचे चिन्ह दिले आहे तेही आवर्तनात चार नव्हे, दोन ठोके मोजण्याचे. याकडे काणाडोळा का व्हावा?

शोपँ १७ ऑक्टोबर १८४९ रोजी वारला. ३० ऑक्टोबरला पॅरिसच्या मादलेन चर्चमधील अंत्यविधीत मोझार्टच्या रेक्विएमबरोबर हे प्रेल्यूडही वाजविले गेले, पण ऑर्गनवर. वादक होता लेफेब्यूर-वेली. ऑर्गनचा स्वर बोट उचलीपर्यंत टिकतो, त्यामुळे तेथे गत कितीही रेंगाळली तरी तुटत नाही. प्रेतयात्रेची ती चाल पुढे पियानोवादकांच्या बोटांत उतरली असावी, असा आमचा तर्क आहे.