एरॉल फ्लिन आवडतो, पण त्याच्यावर संशोधन कसं करायचं?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "मला जे मनापासून आवडतं तोच विषय घेतला तर चालेल का?" प्रश्नामागची भीती खरी आहे. आवडत्या गोष्टीतले दोष दिसत नाहीत, आणि प्रबंधाची आरती होऊन बसते. यावर काहीजण सांगतात की आवड बाजूला ठेवा. मला हा सल्ला पटत नाही. का पटत नाही, ते एका जुन्या हॉलिवुड नटाच्या उदाहरणावरून सांगतो. माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे पुरावा म्हणजे काय हा प्रश्न मी थोडा प्रयोगशाळेच्या सवयीने विचारणार आहे. ते चालवून घ्या.

नट म्हणजे एरॉल फ्लिन. जन्म २० जून १९०९, टास्मानियातल्या होबार्टचा. मृत्यू १४ ऑक्टोबर १९५९, व्हँकुव्हरमध्ये, वयाच्या अवघ्या ५० व्या वर्षी. तलवार, जहाज, घोडा आणि प्रेम या चार गोष्टींवर त्याची सगळी कीर्ती उभी आहे.

आधी नीट बघा

'कॅप्टन ब्लड' (१९३५) घ्या. पीटर ब्लड हा डॉक्टर. एका जखमी बंडखोरावर उपचार केले म्हणून तो राजद्रोही ठरतो आणि गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर विकला जातो. कर्नल बिशपची पुतणी अॅराबेला त्याला १० पौंडांना विकत घेते. पुढे ब्लड चाच्यांचा कप्तान होतो, आणि एका फ्रेंच चाच्याच्या तावडीतून अॅराबेलाला सोडवताना तो तिची किंमत मोजतो. मग समुद्रकिनाऱ्यावर बेसिल रॅथबोनबरोबर तलवारी खणखणतात.

सहज बघितलं तर ही साहसकथा. पण लक्ष देऊन बघितलं तर लक्षात येतं की प्रेमकथा आणि साहसकथा एकाच खिळ्यावर टांगलेल्या आहेत: विकत घेणं. आधी तिने त्याला घेतलं, मग त्याने तिला. दोघांनाही त्याचा राग येतो, आणि त्या रागातूनच दोघं बरोबरीला येतात. हे तुम्हाला तिसऱ्यांदा बघताना दिसतं, आणि तिसऱ्यांदा तोच माणूस बघतो ज्याला सिनेमा आवडलेला असतो. आवडीचा पहिला उपयोग हाच. ती तुम्हाला सामग्रीपाशी बसवून ठेवते.

'द अॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' (१९३८) मध्येही तसंच. राजपुत्र जॉनची मेजवानी चालू आहे आणि रॉबिन खांद्यावर हरीण टाकून सरळ आत येतो. राजाच्या जंगलातली शिकार हा गुन्हा, आणि हा गुन्हा राजपुत्राच्याच टेबलावर आणून टाकतो, वर हसतो. हे हसणं फ्लिनची खरी कमाई. संकटात दात-ओठ खाणारे नायक पुष्कळ झाले. हा माणूस मात्र सत्तेसमोर असा उभा राहतो, जणू त्याला यात मजा येतेय. मॅरियनच्या खिडकीशी वेल धरून चढतानाही तेच हसणं, फक्त जरा मऊ. शौर्य आणि प्रेम यांच्यासाठी त्याने दोन वेगळे चेहरे ठेवले नाहीत.

श्रेय कुणाचं?

आता संशोधकाचा प्रश्न. हे जे आपल्याला आवडलं, ते फ्लिनचं किती आणि इतरांचं किती?

'कॅप्टन ब्लड'साठी वॉर्नर ब्रदर्सची पहिली निवड फ्लिन नव्हता, रॉबर्ट डोनाट होता. तो आला नाही. फ्लिनच्या नावावर तोवर फारसं काही नव्हतं. 'द केस ऑफ द क्युरियस ब्राइड'मध्ये तर त्याची भूमिका मुख्यतः प्रेताची होती! त्याच्यासमोर आणलेली ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड १९ वर्षांची. समुद्रयुद्धाच्या दृश्यांत छोट्या प्रतिकृती वापरल्या आणि १९२४ च्या 'द सी हॉक' या मूकपटातले तुकडेही जोडले. संगीत एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्डचं, दिग्दर्शन मायकेल कर्टिझचं. कर्टिझने फ्लिनबरोबर एकूण १२ चित्रपट केले, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं.

रॉबिन हूडचंही बघा. आधी विचार झाला होता जेम्स कॅग्नीचा. खर्च सुमारे २० लाख डॉलर, तोवरचा वॉर्नरचा सगळ्यात महागडा चित्रपट. टेक्निकलरचे गडद हिरवे-लाल रंग, दोन दिग्दर्शक (आधी विल्यम काइली, मग कर्टिझ), आणि अवघड नेमबाजीसाठी हॉवर्ड हिल हा खराखुरा तिरंदाज. तीन ऑस्कर मिळाले: कलादिग्दर्शन, संकलन आणि संगीत. अभिनयाचं एकही नाही.

म्हणजे फ्लिन नुसता देखणा चेहरा होता का? तसंही नाही. इथे विज्ञानातली 'कंट्रोल'ची कल्पना कामाला येते. एक घटक बदला, बाकीचे शक्यतो तसेच ठेवा आणि काय होतं ते बघा. इतिहासात प्रयोग करता येत नाही, पण तुलना करता येते. 'जंटलमन जिम' (१९४२) मध्ये दिग्दर्शक राउल वॉल्श आहे, कर्टिझ नाही. तलवार नाही, मुष्टियुद्ध आहे. तरीही ते उर्मट, हलकंफुलकं हसणं जागेवर आहे. मग ते फ्लिनचं आहे असं म्हणायला थोडा आधार मिळतो. एका तुलनेने सिद्ध होत नाही, पण कुठे शोधायचं ते कळतं.

आकडा विचारण्याआधी व्याख्या विचारा

फ्लिन आणि डी हॅव्हिलँड यांनी एकत्र किती चित्रपट केले? बहुतेक ठिकाणी ८ लिहिलेलं सापडेल: 'कॅप्टन ब्लड'पासून 'दे डाइड विथ देअर बूट्स ऑन' (१९४१) पर्यंत. कुठे कुठे ९ सापडेल. दोन्ही बरोबर असू शकतं, कारण 'थँक युअर लकी स्टार्स' (१९४३) मध्ये दोघंही आहेत, पण जोडी म्हणून नाहीत. म्हणजे वाद आकड्याचा नाहीच, 'एकत्र' या शब्दाचा आहे. तुमच्या विषयातही असे निम्मे वाद निघतील.

याच जोडीचा आणखी एक धडा आहे. पडद्यावर ती खिडकीत उभी राहून त्याची वाट बघते. पडद्याबाहेर तिने वॉर्नर ब्रदर्सला कोर्टात खेचलं. नटाने भूमिका नाकारली की स्टुडिओ त्याला निलंबित करायचा आणि तेवढे दिवस कराराच्या शेवटी चिकटवायचा, म्हणजे सात वर्षांचा करार लांबतच जायचा. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरवरची सात वर्षं. त्याचा फायदा पुढच्या सगळ्या नटांना झाला. नुसत्या नायकाच्या मागे गेलात तर ही गोष्ट तुमच्या नजरेतून सुटणार. हॉलिवुडच्या कामगार-इतिहासात तिचं नाव फ्लिनपेक्षा मोठं आहे.

आपला संबंध कुठे येतो?

इथे आवडीची खरी परीक्षा होते. 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' (१९३६) हा फ्लिनचा गाजलेला चित्रपट, आणि त्याचा बराचसा भाग हिंदुस्थानच्या सरहद्दीवर घडतो. सुरत खान नावाचा काल्पनिक अमीर चुकोटीच्या ठाण्यात बायका-मुलांची कत्तल करतो. तो पुढे रशियनांच्या बाजूला दिसतो, आणि फ्लिनची तुकडी सूड म्हणून बालाक्लाव्हाला तोफांवर चाल करून जाते.

आता तारखा मांडा. बालाक्लाव्हाची ती चढाई २५ ऑक्टोबर १८५४ ची. चुकोटीची कत्तल उघडपणे कानपूरच्या घटनेवर बेतलेली, आणि कानपूर घडलं १८५७ मध्ये. म्हणजे तीन वर्षांनंतरची घटना आधी नेऊन ठेवली. परिणाम काय होतो? वास्तवात एका गोंधळलेल्या हुकुमामुळे झालेली ती चढाई पडद्यावर न्याय्य सूड बनते. सेनापतींची चूक झाकली जाते, आणि दोष एका 'दगाबाज' हिंदी अमिरावर जातो. ही नुसती तारखेची गफलत म्हणून सोडून देऊ नका. कोणती घटना कुठे हलवली हे बघितलं की कथेला काय हवं होतं ते कळतं. त्या चढाईच्या चित्रीकरणात घोडे पाडायला तारा लावल्या होत्या, कितीतरी घोडे मेले, त्यावरून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला.

दुसरं उदाहरण 'ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!' (१९४५). पडद्यावर अमेरिकन छत्रीधारी सैनिक ब्रह्मदेशात लढताहेत. प्रत्यक्षात तिथला मुख्य भार ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याने उचलला होता. ब्रिटनमध्ये एवढा संताप झाला की चित्रपट मागे घ्यावा लागला, पुन्हा लागला तो १९५२ मध्ये. पण त्या चौदाव्या सैन्यात बहुसंख्य सैनिक भारतीय होते. ब्रिटिशांची तक्रार अशी की आमचं श्रेय अमेरिकनांनी घेतलं. भारतीय सैनिक या भांडणात दोन्हीकडून गायब. चित्रपट काय सांगतो एवढंच विचारून थांबू नका, त्यावर भांडणारे काय सांगत नाहीत तेही विचारा.

हे कळल्यावर फ्लिन नावडता होतो का? माझ्यापुरतं उत्तर 'नाही' असं आहे. घोड्यावरचा तो माणूस अजूनही देखणा दिसतो. पण ती चढाई बघताना आता मनात दोन तारखा एकदम येतात.

कागद बदलला तर

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. फ्लिनबद्दल दंतकथांना तोटा नाही. वॉर्नरच्या जाहिरातखात्याने त्याला आयरिश ठरवून टाकलं. वडील थिओडोर थॉमसन फ्लिन हे प्राणिशास्त्रज्ञ, १९३१ पासून बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात प्राध्यापक, एवढ्या धाग्यावर. दुसऱ्या महायुद्धात पडद्यावर लढणारा हा नट सैन्यात का नाही, असं लोक विचारत. प्रकृतीमुळे त्याला अपात्र ठरवलं होतं, पण तगड्या नायकाची प्रतिमा जपायला स्टुडिओने ते उघड होऊ दिलं नाही. त्याचं आत्मचरित्र १९५९ मध्ये मृत्यूनंतर आलं, तेही अर्ल कॉनरॅड या लेखकाच्या मदतीने लिहिलेलं. वाचायला झकास, पण पुरावा म्हणून प्रत्येक वाक्य तपासून घ्यावं असं.

मग १९८० मध्ये चार्ल्स हायम यांचं चरित्र आलं. त्यात आरोप होता की फ्लिन नाझींचा हेर होता. आधार म्हणून एफबीआयचे कागद दिले होते. फ्लिनचा हर्मान एर्बेन नावाचा ऑस्ट्रियन डॉक्टर मित्र होता, त्याचे जर्मन हेरखात्याशी संबंध होते, आणि १९३७ मध्ये दोघं बरोबर स्पेनला गेले होते. एवढं खरं. पण पुढे टोनी थॉमस आणि फ्लिनचा मित्र बस्टर वाइल्स यांनी आपापल्या पुस्तकांत आक्षेप घेतला की हायम यांनी त्या कागदांचा मजकूर बदलून छापला आहे. नंतरच्या चरित्रकारांनाही या आरोपाला दुजोरा देणारं काही सापडलं नाही. फ्लिनच्या मुली कोर्टात गेल्या, पण मृत माणसाची बदनामी कायद्यात बसत नाही म्हणून दावा फेटाळला गेला.

यातलं गांभीर्य लक्षात घ्या. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, आणि कायदाही त्याच्या बाजूने उभा राहत नाही. त्याचं रक्षण करणारं एकच माणूस उरतं: मूळ कागद काढून शेजारी छापील पान ठेवून वाचणारं. १९९१ च्या 'द रॉकेटियर' या चित्रपटातला नाझी हेर असलेला तलवारबाज नट याच आरोपावरून सुचलेला. म्हणजे आक्षेप पुस्तकात राहिले आणि आरोप पडद्यावर पोचला.

इथे प्रश्न असा येतो, कागद तपासायला गेलेले लोक कोण होते? त्यातले बरेचसे त्याचे चाहते आणि मित्र. आवडीपोटीच ते एवढ्या खोलात शिरले. अर्थात चाहत्याने सोडवलं म्हणून आपण लगेच मान डोलवायची नाही, त्यांचाही कागद तेवढाच तपासायचा. मैत्री असली की हात आखडतो, हे वाइल्सच्या बाबतीतही लक्षात ठेवायला हवं.

तर तुमचा विषय ठरायचा असेल तेव्हा एक करून बघा. आवडत्या गोष्टीबद्दल एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात तुम्हाला स्वतःला दिसलेलं. दुसऱ्यात इतरांनी सांगितलेलं. तिसऱ्यात, ते सांगताना त्यांनी दाखवलेला कागद. तिसरा रकाना जिथे रिकामा राहील, तिथून कामाला लागा. आणि त्याआधी, जमलं तर, 'रॉबिन हूड' बघून घ्या. शेवटच्या लढाईत खांबावर पडलेल्या त्या दोन सावल्यांसाठी तरी.