शिदोरी आणि मांडलेले गाव

गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरची अकरा माणसे एक मोठे करमणूक-उद्यान पाहायला गेलो होतो. त्याचे नाव सांगत नाही, कारण अशा सगळ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच घडते. माझी माय ऐंशीच्या घरातली. तिने आदल्या रात्री जागून कळण्याच्या पुऱ्या तळल्या, ठेचा वाटला, शेंगदाण्याची चटणी केली, आणि सारे एका धुवट फडक्यात गच्च बांधले. दारावरच्या पहारेकऱ्याने ते गाठोडे बाजूला काढले. बाहेरचे खाणे आत न्यायचे नाही, असा नियम. माय त्याला म्हणाली, "भो, हे आमाले खायाचं हाये, इकायचं नाही." तो बिचारा काय बोलणार? त्याने पाटीकडे बोट दाखवले.

मग आम्ही बाहेर, वाहने उभी करतात तिथल्या लिंबाखाली बसून, सकाळी दहा वाजताच जेवून घेतले आणि आत गेलो. आत गेल्यावर काय पाहावे? एक 'खेडेगाव' उभे केलेले. सिमेंटच्या भिंती शेणामातीच्या रंगाने सारवल्यासारख्या रंगवलेल्या, दारात चाके न फिरणारी बैलगाडी, खोटी विहीर, आणि फेटा बांधलेला एक मुलगा केळीच्या पानावर भाकरी-ठेचा वाढतो आहे! एका थाळीची किंमत आमच्या घरच्या दोन दिवसांच्या बाजाराएवढी. माय बराच वेळ त्या भाकरीकडे पाहत उभी राहिली. मला म्हणाली, "आपली भाकर भायेर, न हिची भाकर आत?"

मंडळी, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. घरी आल्यावर तो माझ्या मनात घोळत राहिला. मग लक्षात आले की मांडलेले गाव पाहायला बायकामुलांसह जाणे, ही गोष्ट आमच्या फैजपूरला मुळीच नवी नाही. ती इथे 1936 सालीच घडून गेली आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल की राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन ते हे फैजपूरचे. तोवर ही सभा मुंबई, कलकत्ता, लखनौ अशा शहरांत भरायची. आता ती खेड्यात न्यावी, हा आग्रह गांधीजींचा. 1936 च्या डिसेंबरच्या 27 आणि 28 तारखांना पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली ती इथे भरली. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्यासारखे खानदेशातले कार्यकर्ते त्यासाठी राबले. साने गुरुजी गावोगाव हिंडले. सभेसाठी फैजपूरच्या शिवारात एक आख्खे नगर वसवले गेले. त्याचे नाव टिळकनगर.

हे नगर कसे होते? शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना गांधीजींनी बोलावून घेतले. माझ्यासारख्या चित्रकाराने नगर कसे बांधावे, असा संकोच बोसांना वाटत होता. पण ते आले, आणि आसपास जे मिळेल त्यातूनच त्यांनी काम केले. बांबू, तट्टे, गवत, दोर आणि माती. कमानी बांबूच्या, मांडव बांबूचे. अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती मोटारीतून नव्हे, बैल जुंपलेल्या रथातून. मुंबईच्या ज्या तेजपाल पाठशाळेत 1885 साली राष्ट्रीय सभा पहिल्यांदा भरली, तिथून पेटवलेली ज्योत धावणाऱ्यांनी हातोहात इथवर आणली. मनमाडहून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी चालत आला, तो 25 डिसेंबरला पोचला. त्याच दिवशी गांधीजींनी खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन उघडले.

आता विचार करा. तेही मांडलेलेच गाव होते. कापडासाठी चरखा, तेलासाठी घाणी, असे जे जे खेड्यात चालते किंवा चालावे, ते लोकांना दिसेल असे मांडायचे, लोकांनी घरच्या माणसांसह यायचे, पाहायचे आणि परत जायचे. आजच्या उद्यानवाल्याला ही कल्पना ऐकवली तर तो म्हणेल, आम्ही दुसरे काय करतो? पण फरक आहे, आणि तो जेवणापाशीच कळतो. दोन वर्षांपूर्वी, 1934 च्या डिसेंबरात, वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, साखरेऐवजी गूळ, असा त्या संघाचा आग्रह होता. म्हणजे खेडूत बाई आपल्या फडक्यात जे बांधून आणत होती, तेच चांगले अन्न, असे ती चळवळ सांगत होती. प्रदर्शन म्हणजे तमाशा नव्हे, ती शिकण्याची जागा, असे गांधीजी म्हणत. शिकण्याच्या जागी शिदोरी दाराबाहेर ठेवायला कोण सांगेल?

आपल्याकडे शिदोरी हा शब्दच प्रवासाचा आहे. मुक्ताईची यात्रा असो की चांगदेवाची, गाडी जुंपायच्या आधी शिदोरी बांधली जाते. नदीकाठी गाड्या सोडायच्या, बैलांना कडबा टाकायचा, तीन दगडांची चूल मांडायची आणि फडके सोडायचे. शेजारच्या गाडीवाल्याला, ओळख असो नसो, "या जेवायला" म्हणायचे. जत्रेत विकत घ्यायचे ते रेवड्या, गोडी शेव, भजी. पोटभर जेवण विकत घ्यायची रीत नव्हती. घरच्या बाईच्या हातची भाकरी आणि जत्रेतला खाऊ, दोन्ही मिळून जत्रा होत असे.

पण थांबा. मी हे सांगताना फार गोड सांगतो आहे, असे काहींना वाटेल, आणि त्यांचे बरोबर आहे. "या जेवायला" हे सर्वांनाच म्हटले जात नव्हते. शिदोरीच्या फडक्याभोवतीही एक रेघ ओढलेली असे.

गांधीजींनी आपल्या आत्मकथेत 1901 च्या कलकत्ता अधिवेशनाची एक हकीकत लिहिली आहे. तिथे काही तामीळ प्रतिनिधींना इतरांची दृष्टी जेवणावर पडली तरी विटाळ वाटे. म्हणून त्यांच्यासाठी महाविद्यालयाच्या आवारात तट्ट्यांच्या भिंतींचे एक वेगळे स्वयंपाकघर उभारले होते. त्यातच रांधायचे, त्यातच जेवायचे, त्यातच हात धुवायचे. आणि धुराने जीव गुदमरायचा. गांधीजींना ती जणू झरोका नसलेली तिजोरीच वाटली. देशाच्या एकीसाठी जमलेली माणसे जेवताना एकमेकांच्या नजरेलाही भीत होती!

त्या कलकत्त्यात तट्टे लावले ते माणूस माणसाला दिसू नये म्हणून. पस्तीस वर्षांनी फैजपूरला तसेच तट्टे आणि तसाच बांबू आला, आणि त्यांच्या कमानी झाल्या, ज्यांच्याखालून कोणीही यावे. म्हणून काय त्या एका आठवड्यात खानदेशातली पंगत बदलली? नाही. उगाच तसे म्हणू नये. त्याच 1936 सालच्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या परिषदेत आपल्या लोकांना धर्म सोडण्याची दिशा दाखवली होती. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी महाडला 1927 साली जे झाले, त्याची जखम ताजी होती. आणि फैजपूरसाठी राबलेल्या साने गुरुजींना त्यानंतर दहा वर्षांनी, 1947 च्या मे महिन्यात, पंढरपूरचे दार हरिजनांना उघडावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. तेव्हा शिदोरीच्या आठवणी काढताना, त्या फडक्याजवळ कोणाला बसता येत नव्हते, हेही मुलांना सांगावे. गुरुजी मंडळींना माझे हे मुद्दाम सांगणे आहे.

आता थोडे लांब जाऊ, अगदी अमेरिकेला. भिऊ नका, तिथेही गोष्ट शेतकऱ्याचीच आहे.

कॅलिफोर्नियात ब्यूएना पार्क नावाच्या गावी वॉल्टर नॉट नावाचा शेतकरी राहत होता. तो बोरांसारखी लहान, आंबटगोड रानफळे पिकवायचा आणि रस्त्याकडेला टपरी टाकून विकायचा. मंदीचे दिवस होते, पैसा मिळेना. 1934 सालच्या जूनमध्ये त्याची बायको कॉर्डेलिया हिने घरी कोंबडी तळली आणि आपल्या लग्नातल्या चांगल्या बशा काढून आठ गिऱ्हाइकांना जेवू घातले. जेवण पासष्ट सेंटचे. चव लोकांच्या तोंडी बसली. पुढे इतकी गर्दी होऊ लागली की माणसे आपली पाळी येईपर्यंत तासन्‌तास ताटकळत. त्यांचा वेळ जावा म्हणून वॉल्टरने 1940 सालापासून शेतातच जुन्या काळचे एक लुटुपुटीचे गाव उभारायला घेतले. लाकडी घरे, जुनी दुकाने, आणखी काय काय. त्यातून पुढे एक प्रचंड करमणूक-उद्यान झाले. परंतु त्याला कुंपण घालून दाराशी तिकीट लावले गेले ते 1968 साली. म्हणजे आधी एका शेतकरणीच्या हातचे जेवण, मग त्याच्याभोवती मांडलेले गाव, आणि सर्वांत शेवटी दार. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

त्याच भागात 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडले. पहिल्याच दिवशी इतकी माणसे लोटली की खाणावळींतले अन्न संपले. नळ जोडणाऱ्या कामगारांचा संप झाला होता, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळही कोरडे होते. पाहुण्याला अन्नपाणी कमी पडले, ही फजिती जगभर गाजली. आज मात्र त्या डिस्नेलँडमध्ये घरचे खाणे स्वतःपुरते आत नेता येते. साऱ्या जगाने ज्याची नक्कल केली त्या उद्यानात शिदोरी चालते, आणि नक्कल करणाऱ्यांच्या दारात ती अडते, याला काय म्हणावे?

आपल्याकडे अशी उद्याने आली ती उशिरा. मुंबईजवळ गोराईला 1989 साली एस्सेलवर्ल्ड उघडले, खोपोलीजवळ 2013 साली इमॅजिका. घरातल्या सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जायचे, ही चालही साधारण याच काळात मध्यमवर्गात रुळली. त्यात वाईट काही नाही. घरच्या बाईला एक दिवस चुलीपासून सुटका मिळते, आणि सून-सासू एका टेबलाशी बसून मागवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. शिवाय पैसे देणाऱ्याला तिथे जात कोणी विचारत नाही. जुन्या पंगतीतली ती रेघ इथे पुसली गेली, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिच्या जागी किमतीची रेघ आली. दरवाज्यातून आत आलेले मजुराचे पोर थाळीपाशी अडते.

कायदा काय सांगतो? चित्रपटगृहांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2023 रोजी निकाल दिला, की ती मालकाची खाजगी जागा आहे, तेव्हा बाहेरचे खाणे आणू न देण्याचा त्याला अधिकार आहे. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी फुकट दिले पाहिजे, आणि तान्ह्या मुलाचे खाणे आईबापांना नेऊ दिले पाहिजे. हा निकाल चित्रपटगृहांचा. पण उद्यानवालेही जागेच्या मालकीचेच कारण सांगतात. मालकाचा हक्क मला कळतो. तरी माझ्या मायेच्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदात नाही.

ते थोडेफार सापडते ते आमच्याच शिवारात. थंडी पडली की यावल-रावेरकडे भरताचे दिवस सुरू होतात. फैजपूरजवळच्या बामणोदची हिरवी, भली मोठी वांगी तुम्ही ऐकून असाल. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वांगी घरच्या गॅसवर भाजण्याची चीज नव्हे. शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यावर वांगी काळी होईतो भाजायची, सोलून लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्यांसह ठेचायची, वरून तेलात परतलेली कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. पंचवीस-तीस माणसे सहज जेवतात. जाळ पुरुषांकडे, भाकरी बायकांकडे, आणि काड्या गोळा करणे पोरांकडे, अशी कामाची वाटणी. यात बघे कोणी नसतात. जो जेवतो तो काही ना काही करतोच.

महाराष्ट्र शासनाने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. आता शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुणे बोलावून, त्यांना जेवू घालून चार पैसे मिळवता येतात. म्हणजे ब्यूएना पार्कच्या कॉर्डेलियाबाई आपल्या गावोगावी होऊ शकतात. होऊ द्याव्यात. फक्त असे शेत चालवणाऱ्यांना माझे विचारणे आहे, की चुलीपाशी दिवसभर बसणाऱ्या बाईच्या हातात त्यातले किती पैसे येतात, आणि भाकरी थापून झाल्यावर ती पाहुण्यांच्या पंगतीला बसते की मागे न्हाणीपाशी एकटी जेवते? आणि एखाद्या पाहुण्याने घरची शिदोरी आणलीच, तर ती सोडायला लिंबाखाली जागा ठेवली आहे ना?

माझ्या शेजारच्या एका शेतकऱ्याने गेल्या हिवाळ्यात भरताला शहरातली दोन कुटुंबे बोलावली होती. त्यातल्या एका आजीबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि ओशाळून म्हणाल्या, "मला तिखट सोसत नाही, म्हणून थोडा दहीभात आणलाय, चालेल ना?" घरच्या बाईने तो डबा त्यांच्या हातातून घेतला, त्यातला अर्धा घास स्वतःच्या ताटात काढला, आणि उरलेला त्यांच्या पुढ्यात ठेवून त्यांच्या शेजारीच जेवायला बसली. माझी माय पलीकडे बसली होती. तिने आपले ताट सरकवून दोघींना जागा करून दिली.