कळवळ आणि कळवळा

बंगळूरच्या बसवनगुडीत, गांधी बाजारात फुलांची माळ हातावर मोजून मिळते. फूलवाल्या अम्मा मल्लिगेची माळ कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताणतात. तो झाला एक ‘मोळ’. त्या दिवशी मोजताना त्या दोनदा चुकल्या. मुलाला दवाखान्यात ठेवलं होतं. “याको कळवळ आगतिदे,” त्या म्हणाल्या. माझ्या मराठी कानाला वाटलं, अम्मांना कुणाचा तरी कळवळा आलाय. त्या म्हणत होत्या, ‘का कोण जाणे, जीव घाबराघुबरा होतोय.’

कानडीत कळवळ म्हणजे काळजी, धास्ती, जिवाची घालमेल. तिथल्या वर्तमानपत्रात मंत्री एखाद्या गोष्टीबद्दल ‘कळवळ’ व्यक्त करतात, तेव्हा ते नुसती चिंता व्यक्त करत असतात. आपल्याकडे मंत्र्यांना कळवळा येतो, आणि तो निवडणुकीच्या तोंडावर आला की आपल्याला पूतनामावशी आठवते.

कुणी कुणाचा शब्द उचलला हा वाद बाजूला ठेवू. गंमत अर्थाच्या वाटेत आहे. कानडी कळवळ ज्याच्यावर वेळ आली आहे त्याची. मराठी कळवळा ती वेळ पाहणाऱ्याचा. क्रियापदात मात्र मराठीनं दोघांना एकाच पंगतीला बसवलंय. पोर भुकेनं कळवळतं आणि ते पाहून आईचा जीवही कळवळतो. भोगणारा आणि पाहणारा, दोघांचं क्रियापद एकच. म्हणूनच देवाला दयाळू म्हटलं तर तो गाभाऱ्यात उभा राहून देणारा वाटतो. त्याला भक्ताचा कळवळा आहे म्हटलं की तो उंबरा ओलांडून शेजारी येऊन बसतो. कळवळ्यात, निदान कानाला तरी, आधी ‘कळ’ ऐकू येते.

‘कृपा’ हा तसा भारदस्त संस्कृत शब्द. पण त्याचाही धातू ‘कृप्’, म्हणजे शोक करणं, कीव येणं. ‘कृपण’ त्याच घरातला. आज तो चिक्कू माणसाला लावतात, पण त्याचा जुना अर्थ दीन, केविलवाणा. म्हणजे जो कृपा करतो तो आणि ज्याच्यावर करायची तो, दोघे एकाच धातूची लेकरं. आपण मात्र ‘कृपया रांगेत उभे राहा’ इतक्यावर तिची बोळवण केली. बंगळूरच्या पाट्यांवर त्याच जागी ‘दयविट्टु’ असतं. शब्दशः ‘दया ठेवून’. चपला बाहेर काढायला सांगतानाही दोन्ही भाषा देवाकडे मागायची गोष्ट माणसाकडे मागतात.

बसवनगुडी म्हणजे नंदीचं देऊळ. ‘बसव’ हे वृषभाचं कानडी रूप आणि ‘गुडी’ म्हणजे देऊळ. देऊळ जुनं, भोवतालची वसाहत मात्र धास्तीतून उभी राहिली. १८९८ मध्ये बंगळूरच्या जुन्या पेठेत प्लेग शिरला. दाटीवाटीच्या गल्ल्यांतून माणसांना मोकळ्या हवेत हलवायचं म्हणून दक्षिणेला बसवनगुडी आणि उत्तरेला मल्लेश्वरम वाढवलं गेलं. हे रुंद रस्ते, ही झाडांची सावली, सगळी त्या कळवळीची देणगी.

त्याच साथीनं वर्षभर आधी पुणं धरलं होतं. सावित्रीबाई फुले तेव्हा साठी ओलांडलेल्या. त्यांच्या दत्तक मुलानं, डॉक्टर यशवंतरावांनी, हडपसरच्या माळावर उघडलेल्या दवाखान्यात त्या रुग्ण आणवत. मुंढव्याचं एक आजारी पोर त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्योतिरावांनी देवाला ‘निर्मिक’ म्हटलं होतं. मधला पुरोहित त्या श्रद्धेला नको होता. निर्मिकाची माया पोराच्या अंगाला लागली ती अशी, एका म्हातारीच्या पाठीवरून. कळवळीत माणूस दार लावून घेतो, कळवळ्यात दार उघडतो. दोन शब्दांत अंतर एका कान्याचं.

पुढच्या आठवड्यात अम्मांनी माळ न चुकता मोजली, आणि वर दोन वीत आणखी सोडली. मी पैसे पुढे केले, तर हातानंच नको म्हणाल्या. मुलगा घरी आला होता. “देवरु कण्णु बिट्ट.” देवानं डोळे उघडले. मराठीत आपण म्हणालो असतो, ‘देव पावला.’ पावणं म्हणजे पोचणं. संस्कृत ‘प्राप्’मधून आलेलं, तेच जे पावतीत आहे. कानडी देव पाहतो, मराठी देव पोचतो. दोन वीत मल्लिगे ही त्याची पोचपावती असावी. ती मी पुडीत बांधून घरी आणली.