गोधडीवर नाव कुणाचं?

महाराष्ट्राच्या वस्त्रकलेचा इतिहास पैठणीपासून सुरू होतो आणि बहुतेकदा पैठणीपाशीच संपतो. गोधडीचा उल्लेख झालाच, तर 'आजीच्या मायेची ऊब' म्हणून. मायेबद्दल आमची तक्रार नाही. पण माया म्हटलं की कलेचा आणि श्रमाचा प्रश्नच मिटतो. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिलं की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे. कुणाच्या हाताला कला म्हणायचं आणि कुणाच्या हाताला नुसतं काम, हेही त्याच विभागणीतून ठरतं.

नशिराबाद हे जळगाव आणि भुसावळच्या मधलं, महामार्गावरचं गाव. सगळा मुलूख कपाशीचा. पण कपाशी वेचणाऱ्या बाईच्या घरात नवं कापड क्वचितच यायचं. जुनं लुगडं खाली अंथरायचं, त्यावर धडुत्यांचे थर लावायचे, वरून दुसरं लुगडं आणि मग कडेकडून मध्यापर्यंत धावदोरा. कुठलं ठिगळ कुठे, लालाशेजारी हिरवं की पिवळं, टाके किती जवळ, हे सगळं ती मनात ठरवते. हाती नकाशा नसतो, मापपट्टी नसते. याला रचना म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

आता विचारू या, ही धडुती यायची कुठून? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रं वापरावीत असा दंडक आहे. गावगाड्यात महारांच्या 'हक्कां'मध्ये मढ्यावरचं कापड होतं. हक्क कसला, तो अपमानच होता. आमच्या पणज्यांच्या घरात जे कापड आलं, त्यात टाकलेलं, उतरलेलं आणि मढ्यावरचंही होतं. म्हणून त्या काळची गोधडी हा जातीचा पुरावा आहे. आणि त्याच चिंध्यांतून रंगसंगती उभी करणं हा त्या बाईच्या बुद्धीचा पुरावा आहे. दोन्ही एकाच कापडावर आहेत.

याच चिंधीला तथागतांनी वेगळा अर्थ दिला होता. उकिरड्यावर आणि स्मशानात टाकलेलं कापड भिक्खू स्वतः वेचत, धुऊन शिवत. ते पांसुकूल. मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेतं दाखवून बुद्धांनी आनंदाला तशीच चीवरं करता येतील का, असं विचारलं आणि आनंदाने तुकडे जोडून चीवराची रचना केली, असं विनयपिटकात आहे. मनूच्या दंडकात चिंधी माणसाला वेगळं पाडते, तर संघात राजकुमार आणि न्हावी एकाच जोडकापडात येतात. फरक सक्ती आणि निवडीचा आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना हेच सांगितलं. अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव टाका, कापडाला ठिगळं असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असू द्या. लाज ठिगळाची नव्हती, लादलेल्या खुणेची होती.

आता एक नाव लक्षात ठेवा, हॅरिएट पॉवर्स. 1837 साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मलेली बाई. 1861 ते 65 च्या अमेरिकी यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्याकडच्या कापसावर झडप घातली आणि खानदेशच्या कपाशीलाही भाव चढला. तिथला गुलाम आणि इथला शेतमजूर एकाच बाजारासाठी राबत होते. मुक्त झाल्यावर हॅरिएटने कापडाचे आकार कापून, गोधडीवर जोडून बायबलमधल्या कथा मांडल्या. 1886 साली अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात ती गोधडी मांडली गेली. जेनी स्मिथ या गोऱ्या कलाशिक्षिकेने ती मागितली. हॅरिएटने नकार दिला. पुढे अडचण आली तेव्हा तिने दहा डॉलर सांगितले, हातात पाच पडले. विकल्यावरही ती आपली गोधडी पाहायला जात असे. आज तिच्या दोनच गोधड्या शिल्लक आहेत. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, दुसरी बोस्टनच्या संग्रहालयात.

हॅरिएट इतिहासात उरली ती एका साध्या कारणाने. प्रत्येक चौकटीत काय आहे, हे तिने सांगितलं आणि कुणीतरी ते लिहून घेतलं. पुढे 1966 साली अलाबामातल्या काळ्या बायकांनी नागरी हक्क चळवळीतून 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. 2002 पासून गीज बेंड वस्तीतल्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या, शिवणाऱ्या बायकांच्या नावांसह.

फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. 1972 साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर उभी केली. मग त्यांच्या बायकांकडून नाव लिहून ठेवण्याची ही रीत आपण का घेऊ नये?

आज शहरात गोधडी 'डिझायनर' होऊन महाग विकली जाते. लेबलवर ब्रँड असतो, शिवणारीचं नाव नसतं. तक्रार करत बसण्यापेक्षा काम करू या. घरातल्या, वस्तीतल्या जुन्या गोधड्या बाहेर काढा. फोटो घ्या. कुणी शिवली, कोणत्या साली, कोणतं कापड कुठून आलं, हे शिवणारीच्या तोंडून, तिच्या परवानगीने लिहून घ्या. येत्या 3 जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, विहारात त्या मांडा आणि प्रत्येकीखाली नाव लावा. हे सांगू शकणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत.

जय भीम!