भंडाऱ्याचे दहा लाख लोक कुठे गेले?

१९९१च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख होती. २००१मध्ये ती साडेअकरा लाखांच्या आत आली. ना साथ आली होती, ना दुष्काळ. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, एवढंच.

जनगणनेचे तक्ते डेटाबेसमधून बाहेर काढायला मी पायथॉनमधलं ‘टू सीएसव्ही’ हे फंक्शन वापरतो. प्रत्येक नोंदीची एक ओळ होते, दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम येतो. ही रीत जुनी आहे. १९७२च्या सुमारास आयबीएमच्या फोरट्रानला असे आकडे वाचता येत होते. नियम मात्र २००५मध्ये ‘आरएफसी ४१८०’त लिहून निघाले. अशी फाइल तुमच्या फोनवरही उघडते. डेटाबेसचं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी ती वाचता येते.

पण तिच्यात उतरतात फक्त अक्षरं आणि आकडे. टेबलांचे आपसातले संबंध मागे राहतात. १९९१च्या जिल्हावार फाइलीत गोंदियाची ओळच नाही; तिरोडा, आमगाव, देवरी सगळे भंडाऱ्याच्या बेरजेत बुडालेले. नुसत्या फाइलीवर विसंबलं, तर भंडारा ओस पडला आणि गोंदिया आभाळातून पडला असंच वाटेल.

म्हणून मी तालुकावार ओळी काढतो आणि दोन रकाने वाढवतो: ‘तेव्हाचा जिल्हा’, ‘आताचा जिल्हा’. फंक्शन ओळी लिहून देतं. त्या ओळींमागचा इतिहास आपल्यालाच लिहावा लागतो.