करिंथच्या मंडळीतील पंक्तिप्रपंच : प्रारंभकालीन ख्रिस्ती समाजाच्या वर्गरचनेसंबंधी काही विचार

ख्रिस्ती धर्माचा प्रथम स्वीकार समाजाच्या कोणत्या थराने केला, या प्रश्नास दीर्घकाळ एकच ठरीव उत्तर मिळत आले. हे उत्तर प्रथम दिले ते त्या धर्माच्या विरोधकांनी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात केल्सस या तत्त्वज्ञाने हा पंथ लोकर विणणारे, चांभार, परीट, भोळ्या बायका आणि पोरे यांचा असल्याचे उपहासाने लिहिले. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्यास ओरिजेनने त्याचे खंडन करताना जे उतारे दिले, त्यांवरूनच तो ज्ञात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हाच उपहास गौरवाचा विषय झाला. १९०८ या एकाच वर्षी कार्ल काउट्स्कीने समाजवादी भूमिकेवरून प्रारंभीचा ख्रिस्ती समाज हा नगरांतील निर्धन श्रमिकांचा समाज ठरविला, आणि आडोल्फ डाइसमानने ईजिप्तमधील पपायरसांच्या साहाय्याने नव्या कराराची ग्रीक भाषा ही सामान्य जनांच्या नित्य व्यवहारातील भाषा असल्याचे दाखवून, सर्वस्वी भिन्न प्रेरणेने, जवळपास त्याच निष्कर्षास बळ दिले.

१९६० मध्ये एडविन जज याने या मताला छेद दिला. या मंडळ्या एकट्या दीनदुबळ्यांच्या नसून सधन कुटुंबप्रमुख आणि त्यांचे आश्रित यांच्या होत्या, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढील दशकात गेर्ड थाइसेनने करिंथपुरता हा विचार तपशिलाने मांडला, आणि १९८३ मध्ये वेन मीक्सने पौलाच्या सर्व नागर मंडळ्यांना तो लागू केला. मीक्सची एक सूचना विशेष मोलाची आहे. ज्यांची प्रतिष्ठा एका मापाने उंच आणि दुसऱ्या मापाने नीच ठरते, असे लोक येथे ठळकपणे दिसतात : धनवान पण जन्माने दास असलेला, स्वतंत्र मिळकत असलेली पण स्त्री म्हणून दुय्यम ठरलेली. १९९८ मध्ये जस्टिन मेगिटने मात्र पुन्हा दारिद्र्याचा पक्ष उचलून धरला, आणि २००४ मध्ये स्टीव्हन फ्रीझेनने रोमन साम्राज्याच्या मोठ्या शहरांतील सुमारे ६८ टक्के लोक जेमतेम निर्वाहाच्या पातळीवर वा तिच्याही खाली असावेत, असा अंदाज मांडला.

असा हा लंबक एका टोकाहून दुसऱ्या टोकास जात राहिला, याचे कारण पुराव्याच्या स्वरूपातच आहे. ज्यांची गणना करता येते ती माणसे नावाने ठाऊक असलेली आहेत. आणि पत्रात नाव येण्यास बहुधा काही कारण लागते. ज्याच्या घरी मंडळी जमते, जो प्रवास करू शकतो, ज्याने काही दिले आहे, त्याचे नाव येते. नावांच्या यादीवरून समाजाची वर्गरचना काढणे म्हणजे धर्मशाळेच्या भिंतीवरील देणगीदारांच्या पाटीवरून तेथे उतरणाऱ्यांची स्थिती ठरविण्यासारखे आहे. करिंथच्या बाबतीत मात्र नावांखेरीज आणखी काही हाती लागते, आणि ते म्हणजे एक भांडण.

प्राचीन करिंथ रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले. इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसविले, आणि भूगोलकार स्ट्राबोच्या सांगण्याप्रमाणे तेथील नव्या रहिवाशांत मुक्तदासांचा भरणा मोठा होता. दोन समुद्रांवरील दोन बंदरे हाताशी असल्याने व्यापार वाढला. जुन्या कुळांची परंपरा येथे खंडित झालेली असल्यामुळे पैसा हाच प्रतिष्ठेचा जवळचा मार्ग होता. अशा नगरात पौल इ. स. ५० च्या सुमारास आला. गाल्लियो या रोमन सुभेदाराचा उल्लेख असलेल्या डेल्फी येथील शिलालेखामुळे हा काळ बऱ्याच निश्चितीने ठरविता येतो. पौलाने तेथे सुमारे दीड वर्ष काढले, आणि तंबू करण्याचा धंदा असलेल्या अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर हाताने काम केले.

त्याच्या पत्रांत आणि 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात या मंडळीतील काही माणसे भेटतात. क्रिस्प हा सभास्थानाचा अधिकारी होता. गायसचे घर साऱ्या मंडळीला पुरेल एवढे होते. किंख्रिया बंदरातील फिबी हिला पौलाने अनेकांची आश्रयदात्री म्हटले आहे. एरास्त हा नगराचा खजिनदार म्हणून उल्लेखिला आहे. १९२९ मध्ये करिंथच्या रंगमंदिराजवळ एक लॅटिन लेख मिळाला; एडाइल या नगराधिकारपदाच्या बदल्यात एरास्त नावाच्या गृहस्थाने स्वखर्चाने फरसबंदी केल्याचे त्यात नमूद आहे. हाच तो पौलाचा एरास्त, असे अनेकांनी उत्साहाने गृहीत धरले. परंतु ज्या ग्रीक शब्दाने पौल त्याचे पद सांगतो, तो नगराच्या मालकीच्या दासासही लागू पडू शकतो. शिवाय फ्रीझेनने हा लेख दुसऱ्या शतकातील असल्याचे प्रतिपादन केले आहे. एका दगडाच्या आधारे प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजात नगरश्रेष्ठी होते असे म्हणणे धाडसाचेच होय.

भांडणाची हकीकत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात येते. मंडळी प्रभुभोजनासाठी एकत्र जमते, तेव्हा प्रत्येक जण आपापले अन्न अगोदर खाऊन घेतो. कोणी उपाशी राहतो, तर कोणी पिऊन तर्र होतो. आणि ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना लाज वाटावी असे वर्तन होते, अशी पौलाची तक्रार आहे. मराठी वाचकास या प्रकाराचे नाव शोधावे लागत नाही : हा पंक्तिप्रपंच होय. रोमन भोजनगृहातील तीन बाजूंच्या आसनांवर रीतीप्रमाणे नऊ जण रेलून बसत. उरलेल्यांना चौकात जागा मिळाली असेल, आणि दिवसभर राबून उशिरा आलेल्यांना उरलेसुरले अन्न मिळाले असेल, अशी कल्पना जेरोम मर्फी-ओकॉनर यांनी मांडली. डेव्हिड हॉरेलने पुढे दाखविल्याप्रमाणे ही सभा एखाद्या साध्या इमारतीच्या माडीवरही भरत असेल. जागा कोणतीही असो, उपाशी आणि तृप्त हे दोघे एकाच छताखाली होते, ही गोष्ट पत्रातून निर्विवाद दिसते.

यजमानाला मात्र यात काही गैर वाटले नसण्याचा संभव आहे, आणि येथेच या प्रसंगाचे खरे महत्त्व आहे. पाहुण्यांच्या दर्जाप्रमाणे अन्न आणि मद्य वाढणे ही त्या समाजातील परिचित रीत होती. धाकट्या प्लिनीने एका यजमानाबद्दल लिहिले आहे : त्याने तीन प्रतींचे मद्य ठेवले होते, एक स्वतःसाठी व बरोबरीच्यांसाठी, दुसरे कमी प्रतीच्या मित्रांसाठी, तिसरे मुक्तदासांसाठी. प्लिनीला हे नापसंत होते. आपण आपल्या मुक्तदासांबरोबर सारखेच मद्य घेतो, असे तो सांगतो. (पुढे इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा अधिकारी असताना याच प्लिनीने ख्रिस्ती मंडळीत सेविकापद असलेल्या दोन दासींचा माहिती काढण्यासाठी शारीरिक छळ करविला, हेही त्याच्याच पत्रावरून कळते. त्याच पत्रात सर्व वयांचे व सर्व दर्जांचे लोक या पंथात असल्याचे तो सम्राटास कळवितो.) करिंथच्या सधन कुटुंबप्रमुखाने आपल्या दिवाणखान्यातील शिष्टाचार मंडळीच्या भोजनास लावला असेल, तर त्याने जाणूनबुजून कोणाचा अपमान केला असे म्हणता येत नाही. मंडळी घरात भरत होती. घराची उतरंड तिच्याबरोबर आत आली.

पौलाने केलेली तोड या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. एकमेकांसाठी थांबावे, आणि भूक असह्य असेल त्याने आपल्या घरी खाऊन यावे, असे तो सांगतो. मेजावर समता असावी, घरी ज्याचे त्याने पाहावे, असा हा तोडगा आहे. थाइसेनने यास प्रेमाने सौम्य केलेली कुळपती-व्यवस्था म्हटले, आणि ते बहुतांशी यथार्थ आहे. परंतु ज्याला स्वतःचे घरच नाही, त्या दासाला या आदेशाचा उपयोग काय? याच पत्राच्या सातव्या अध्यायात दासांना उद्देशून एक वाक्य आहे, पण त्यातील क्रियापदाचे कर्म लिहिलेले नाही. मुक्त होण्याची संधी आली तर तिचा उपयोग करून घ्यावा, की दास्याचाच सदुपयोग करावा, याविषयी टीकाकारांत प्राचीन काळापासून मतभेद आहे.

पत्राच्या शेवटी येणारा वर्गणीचा मजकूरही या संदर्भात वाचावयास हवा. यरुशलेममधील गरिबांसाठी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूस ठेवावे, असे पौल लिहितो. मोठे दाते असलेल्या मंडळीत अशी दर आठवड्याची पैपैची बचत सांगावी लागत नाही. गायसचे विस्तीर्ण घर आणि ही तुटपुंजी वर्गणी, दोन्ही एकाच मंडळीतील आहेत. एकावरून दुसऱ्याचे खंडन करण्याचे कारण नाही.

सुमारे चार दशकांनंतर, इ. स. ९६ च्या आसपास, रोमच्या मंडळीने याच करिंथकरांस एक पत्र पाठविले. ते क्लेमेंटच्या नावे प्रसिद्ध आहे. धनवानाने गरिबाला आधार द्यावा, आणि गरज भागविणारा मनुष्य मिळाला म्हणून गरिबाने देवाचे आभार मानावेत, असा उपदेश त्यात आहे. पौलाच्या पत्रात जो तंटा होता, त्याची जागा आता दात्याच्या आणि याचकाच्या ठरलेल्या कर्तव्यांनी घेतली होती. त्याच पत्रात आणखी एक उल्लेख जाता जाता येतो : आपल्यातील पुष्कळांनी स्वतःला दास्यात विकून त्या पैशातून इतरांना अन्न दिले. ही माणसे कोण होती, ते पत्रात सांगितलेले नाही.