विमानप्रवासात कॅमेरा : काय हाती ठेवावे, काय मालकक्षात सोपवावे

ताडोबा, पेंच आणि कान्हा या व्याघ्र प्रकल्पांकडे निघालेले देशभरातील छायाचित्रकार बहुधा नागपूर विमानतळावर उतरतात. हिमबिबट्याच्या शोधात जाणारे लेहला, तर विवाह समारंभांचे चित्रण करणारे उदयपूर, जयपूर किंवा गोव्याला पोहोचतात. कामे निरनिराळी असली, तरी विमानतळावर या सर्वांसमोर उभी राहणारी अडचण एकच असते. महागडी व नाजूक उपकरणे स्वतःजवळ ठेवावीत, असे शहाणपण सांगते. सुट्या लिथियम बॅटऱ्या स्वतःजवळच ठेवाव्या लागतील, असे हवाई सुरक्षेचे नियम सांगतात. आणि हातातील सामान सात किलोंच्या आत असावे, असे विमान कंपन्या सांगतात. या तीन गोष्टींचा मेळ घरी बसूनच घालावा लागतो. तो विमानाच्या दारात घालण्याची वेळ आली, की घाईत नेमकी चुकीची वस्तू खाली पाठवली जाते.

सात किलोंचे गणित

भारतातील देशांतर्गत उड्डाणांत इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशाला साधारणपणे सात किलो वजनाची एक हँडबॅग नेता येते. तिची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. लॅपटॉपची छोटी पिशवी किंवा पर्स यांबाबत कंपन्यांचे धोरण वेगवेगळे असल्याने तिकीट काढतानाच त्याची खात्री करून घेणे इष्ट.

सात किलो हा आकडा ऐकायला पुरेसा वाटतो. प्रत्यक्षात तो लवकर संपतो. कॅनन आर-५ या कॅमेऱ्याचे बॅटरी व कार्डासह वजन ७३८ ग्रॅम आहे. असे दोन कॅमेरे, त्याच मालिकेतील २४-७० मिलिमीटरची ९०० ग्रॅमची, ७०-२०० मिलिमीटरची १,०७० ग्रॅमची आणि १००-५०० मिलिमीटरची १,३७० ग्रॅमची अशा तीन लेन्स एकत्र केल्या, तर बेरीज ४,८१६ ग्रॅम होते. लेन्सचे पट्टे, चार्जर, सुट्या बॅटऱ्या आणि दीड-दोन किलोंची पाठपिशवी त्यात मिळवताच काटा सातच्या पुढे सरकतो. वन्यजीव छायाचित्रणासाठीची ६०० मिलिमीटर एफ-४ लेन्स तर एकटीच तीन किलोंच्या घरात जाते.

त्यामुळे पेटीची निवड महत्त्वाची ठरते. केबिनच्या मापात बसणारी पेलिकन १५१० ही कडक कवचाची पेटी व्यावसायिकांमध्ये लोकप्रिय आहे. पण ती रिकामीच पाच किलोंहून अधिक भरते. वजनाची मुभा अधिक असलेल्या परदेशी मार्गांवर ती उपयुक्त असली, तरी सात किलोंच्या मर्यादेत तिच्यात एखादा कॅमेरा आणि एखादी लेन्स एवढेच मावते. देशांतर्गत प्रवासात हलकी, आत जाड कप्पे असलेली कापडी पाठपिशवी हाती आणि कडक पेटी मालकक्षात, ही विभागणी अधिक व्यवहार्य आहे. घरातून निघण्यापूर्वी पिशवी सामानाच्या काट्यावर तोलून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

बॅटरीला पर्याय नाही

लेन्स कोठे ठेवावी हा निवडीचा प्रश्न आहे. सुटी बॅटरी कोठे ठेवावी हा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई आहे. आतून बिघडलेली किंवा धातूचा स्पर्श होऊन शॉर्ट सर्किट झालेली लिथियम बॅटरी स्वतःच तापत जाते व शेजारच्या बॅटऱ्यांनाही पेटवते. केबिनमध्ये धूर दिसताच कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. मालकक्षात तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही, आणि तेथील अग्निशामक वायू ज्वाळा दडपत असला तरी बॅटरीच्या आत चाललेली प्रक्रिया थांबवू शकत नाही.

मर्यादा मोजली जाते वॉट-तासांत. बॅटरीवर हा आकडा छापलेला नसल्यास व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. मिलिअँपिअर-तास दिले असतील, तर त्यांना आधी हजाराने भागावे. ७.२ व्होल्ट व २,२८० मिलिअँपिअर-तासांची कॅमेऱ्याची बॅटरी सुमारे १६.४ वॉट-तासांची भरते. ३.७ व्होल्टच्या घटांची २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते. चित्रीकरणासाठी वापरली जाणारी १४.४ व्होल्ट, ६.८ अँपिअर-तासांची मोठी बॅटरी ९८ वॉट-तासांवर येते, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम आत. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सामान्यतः पूर्वपरवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-तासांच्या बॅटऱ्यांसाठी विमान कंपनीची मंजुरी आवश्यक असते व सुट्या अशा दोनच नेता येतात. त्याहून मोठी बॅटरी प्रवासी सामानात चालत नाही.

प्रत्येक सुट्या बॅटरीची टोके झाकलेली असावीत. मूळ प्लॅस्टिकचे झाकण, स्वतंत्र छोटी पिशवी किंवा टोकांवर चिकटपट्टी यांपैकी काहीही चालते. नाणी, किल्ल्या आणि बॅटऱ्या एकाच खिशात ठेवणे धोक्याचे. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी प्रवासात नेऊच नये.

दक्षिण कोरियातील बुसानच्या गिम्हे विमानतळावर २८ जानेवारी २०२५ रोजी उड्डाणाच्या तयारीत असलेल्या प्रवासी विमानाला आग लागली. सर्वांची सुटका झाली. तपासाचा रोख आसनावरील सामानकप्प्यातल्या पॉवर बँककडे वळला. त्यानंतर त्या देशाने बॅटऱ्या व पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता प्रवाशाने स्वतःजवळ ठेवाव्यात, असा नियम १ मार्च २०२५ पासून लागू केला. इतर अनेक विमान कंपन्यांनीही तोच मार्ग धरला आहे. छायाचित्रकाराने बॅटऱ्यांसाठी आसनाखाली ठेवता येईल अशी वेगळी पिशवी बाळगावी, हा याचा व्यावहारिक अर्थ.

विमानाच्या दारात बॅग मागितली तर

छोट्या शहरांकडे जाणाऱ्या एटीआर विमानांतील सामानकप्पे अरुंद असतात. मोठ्या विमानांतही उड्डाण भरलेले असल्यास शेवटी येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगा दारातच घेऊन मालकक्षात पाठवल्या जातात. कॅमेरा सामानाचे सर्वाधिक नुकसान होण्याची शक्यता या क्षणी असते, कारण हाती धरण्यासाठी भरलेली मऊ पिशवी धक्के सोसण्यासाठी भरलेली नसते. शिवाय आतल्या सुट्या बॅटऱ्या तशाच खाली गेल्या, तर तो नियमभंग ठरतो.

यावर उपाय म्हणजे मोठ्या पाठपिशवीत एक लहान पिशवी आधीच तयार ठेवणे. तिच्यात मेमरी कार्डे, सर्व सुट्या बॅटऱ्या, मुख्य कॅमेरा आणि सर्वांत आवश्यक लेन्स असावी. बॅग सोडण्याची वेळ आली, तर ही पिशवी अर्ध्या मिनिटात बाहेर काढता येते. उरलेल्या लेन्सही जाड आवरणात, झाकणे लावून ठेवलेल्या असल्यास मालकक्षातील प्रवास त्या बऱ्यापैकी सोसतात. लेह आणि श्रीनगर येथे सुरक्षा तपासणी अधिक कडक असते. तेथून परतताना हातातील सामानाबाबतचे चालू नियम कंपनीला आदल्या दिवशीच विचारावेत.

मालकक्षात जाणारे सामान

ट्रायपॉड, प्रकाशयोजनेचे स्टँड, चार्जर, केबल आणि दुय्यम लेन्स चेक-इन सामानात देता येतात. ट्रायपॉड केबिनमध्ये नेऊ देण्याचा निर्णय बहुधा तपासणी अधिकाऱ्यावर अवलंबून राहतो. त्यामुळे तो खाली देणेच बरे. त्याचे डोके वेगळे करून कपड्यांत गुंडाळावे, म्हणजे आपटल्यावर वाकत नाही. पाने व बहुउपयोगी चाकूही याच सामानात ठेवावे. धूळ उडवण्यासाठीचा दाबयुक्त हवेचा डबा विमानात नेऊच नये. रबरी फुंकणी तेच काम करते.

कॅमेऱ्याला लेन्स जोडलेली ठेवून पेटी कधीही भरू नये. आपटल्यावर साऱ्या भाराचा ताण दोहोंना जोडणाऱ्या धातूच्या कड्यावर येतो आणि ते कडे वाकले, की दोन्ही उपकरणे निकामी होतात. प्रत्येक वस्तू फोममध्ये घट्ट बसलेली हवी. पेटी हलवल्यावर आवाज आला, तर भरणी अपुरी आहे असे समजावे. मालकक्षात बॅटरीसह उपकरण ठेवावे लागले, तर ते पूर्ण बंद करावे आणि बटण चुकून दाबले जाणार नाही अशी व्यवस्था करावी. पेटीवर कंपन्यांची ठळक बोधचिन्हे चिकटवणे म्हणजे आत काय आहे, हे चोराला सांगणे होय.

हवाबंद पेटीला दाब समान करणारी झडप असते. लेहसारख्या सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी बंद केलेली पेटी समुद्रकिनारी उघडेनाशी झाली, तर ही झडप सैल करावी; झाकण जोर लावून उचकटू नये.

तपासणी यंत्रे आणि फिल्म

डिजिटल कॅमेऱ्याला किंवा मेमरी कार्डाला विमानतळावरील क्ष-किरणांनी अपाय होत नाही. धुऊन न झालेल्या फिल्मचे मात्र तसे नाही. चेक-इन सामानाच्या यंत्रांतील तीव्र किरणांनी कोणतीही फिल्म धुरकट होऊ शकते. म्हणून ती नेहमी हातातील सामानात असावी. केबिन सामानासाठीच्या जुन्या यंत्रांतून कमी संवेदनशीलतेची फिल्म एक-दोनदा गेल्यास सहसा बिघडत नाही. आयएसओ ८०० व त्यावरील फिल्मला धोका अधिक. नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रांमुळे हे गणित बदलले आहे. त्यांतून कोणतीही फिल्म जाऊ देऊ नये, असा फिल्म उत्पादकांचा सल्ला आहे. झटपट छायाचित्रे देणाऱ्या कॅमेऱ्यांच्या फिल्मलाही तो लागू होतो. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी. ती मान्य करणे अधिकाऱ्याच्या अखत्यारीत असते. कॅमेरा सुरू करून दाखवण्यास सांगितले जाऊ शकते, म्हणून एक भारित बॅटरी आत असावी.

थंडी आणि दमट हवा

वातानुकूलित विमानातून मुंबई, गोवा किंवा चेन्नईच्या दमट हवेत उतरताच थंड काचेवर बाष्प जमते. हिवाळी लडाखमधून उबदार खोलीत शिरतानाही तेच घडते. बाहेरचे बाष्प पुसता येते. आत शिरलेला ओलावा बुरशीला आमंत्रण देतो. उपकरणांचे तापमान भोवतालाशी जुळेपर्यंत, साधारण तासभर, पिशवी उघडू नये. सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवाव्यात. उतरताक्षणी लेन्स बदलण्याचा मोह टाळावा.

परदेशी जाताना

भारतात विकत घेतलेला कॅमेरा परत आणताना तो परदेशात खरेदी केल्याचा संशय येऊ नये, यासाठी निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. त्यासाठी उपकरण दाखवावे लागते, म्हणून ते चेक-इन करण्यापूर्वीच ही प्रक्रिया करावी. अनुक्रमांकांची यादी आणि खरेदीच्या पावत्या जवळ असल्यास काम सोपे होते. मोठ्या चित्रीकरण पथकांसाठी एटीए कार्नेट हा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज असतो. भारतात तो फिक्की ही उद्योगसंस्था देते.

भरपाईची खरी किंमत

मालकक्षातील सामान हरवले किंवा मोडले, तर विमान कंपनी पूर्ण किंमत देईल हा समज चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून ही जबाबदारी प्रतिप्रवासी १,५१९ विशेष आहरण अधिकारांपर्यंत मर्यादित आहे. रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. देशांतर्गत प्रवासातील मर्यादा २० हजार रुपये आहे. वर उल्लेखिलेल्या पाच वस्तूंपैकी एकीचीही भरपाई एवढ्यात होत नाही. त्यातच अनेक कंपन्यांच्या वाहतूक अटींत नाजूक व मौल्यवान वस्तू चेक-इन सामानात ठेवू नयेत, असे बजावलेले असते.

आंतरराष्ट्रीय प्रवासात जादा शुल्क भरून सामानाचे विशेष मूल्य जाहीर करण्याची तरतूद आहे. उपकरणांचा स्वतंत्र विमा हा अधिक खात्रीचा मार्ग. मात्र मालकक्षातील सामान आणि लक्ष न ठेवता सोडलेली बॅग त्यात समाविष्ट आहे का, हे आधी वाचून घ्यावे. पेटी हाती येताच विमानतळ सोडण्यापूर्वी ती उघडून पाहावी आणि नुकसान दिसल्यास सामान कक्षात लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी. मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत आणि विलंबाची २१ दिवसांत करावी लागते. भरताना काढलेली छायाचित्रे अशा वेळी पुरावा ठरतात.

परतीचा क्रम वेगळा

जाताना सर्वांत मौल्यवान वस्तू कॅमेरा असतो. परतताना ते स्थान मेमरी कार्डांना मिळते. लेन्स भाड्याने मिळू शकते आणि कॅमेरा विम्यातून पुन्हा घेता येतो. वधूच्या पाठवणीचा किंवा पाणवठ्यावर आलेल्या वाघिणीचा प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाही, आणि कोणताही करार त्याची भरपाई देत नाही. म्हणून परतीच्या आदल्या रात्री सर्व चित्रांच्या दोन प्रती करून त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात : एक हार्ड डिस्कवर हातातील बॅगेत, दुसरी सहप्रवाशाकडे किंवा चेक-इन सामानात. मूळ कार्डे घरी पोहोचून प्रती तपासेपर्यंत पुसू नयेत. त्यांची छोटी डबी बॅगेत न ठेवता अंगावरच्या बंद खिशात असावी, म्हणजे विमानाच्या दारात बॅग सोडावी लागली तरी ती प्रवाशाबरोबरच राहते.